पाण्याची वाट

सांगलीहून वाईला निघालं की आपण कृष्णेच्या उलट दिशेनं चाललेलो असतो. कराडला तिला कोयना मिळते. पाचवड फाट्याला हमरस्ता सोडला की पांडवगड दिसू लागतो, आणि आमच्याकडे ऐसपैस पसरलेली ही नदी वाईत घाटांच्या अगदी कुशीतून जाताना भेटते.

मी आधी मेणवलीला जातो. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागं पाण्यात उतरलेला घाट आणि मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. देवळाजवळ टांगताना कुणी ती मेरी घासून काढली नाही. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

वाईत प्रत्येक आळीला आपला घाट. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, रामडोह. कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीनं, जिच्या तिच्या ठरल्या दिवसांत होतो. नदी इथं घरची थोरली बाई आहे. तिचा मान ठेवायचा, तिच्या वाटेत आडवं यायचं नाही.

ढोल्या गणपतीचं देऊळ बघताना हे नीट कळतं. गणपतराव रास्त्यांनी ते १७६२ मध्ये थेट घाटावर बांधलं. पूर येणार हे धरूनच मागची भिंत माशासारखी निमुळती केली. पाणी तिच्यावर येतं, दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. लोक समोरून दर्शन घेतात आणि परत फिरतात. मी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभा राहतो, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढलेलं मी पाहिलं आहे. धोक्याची पातळी ४५ फूट. पाऊस अफाट होता, हे खरंच. पण ओढे बुजवून, पात्राच्या कडेला भराव टाकून पाण्याची वाट आपणच अडवली, हेही तितकंच खरं.

सांगलीत पूररेषेच्या आत घर बांधायला निघालेल्यांनी पायाभरणीआधी एकदा वाईला जावं आणि ढोल्या गणपतीचं देऊळ मागच्या बाजूनं बघून यावं.