हरवलेल्या नगरीच्या वाटेवर
कोलंबियाच्या अरण्यातील ‘सिउदाद पेर्दिदा’ ही नगरी माचू पिचूहूनही जुनी. तिथवरची, जाऊन-येऊन साधारण चार दिवसांची पायवाट वाटाड्यासोबतच चालावी लागते. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंडावत नाही, हे मी रुग्णांना नेहमी सांगतो. तरीही दुसऱ्या दिवशी मळमळू लागले, तेव्हा संकोचाने ते लपवले. वाटाड्याने चेहऱ्यावरून ओळखले, सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी पाजले. तिसऱ्या सकाळी सुमारे १२०० दगडी पायऱ्या सावकाश चढलो. आपण जाणार असाल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस घ्या. परतताना तिचा दाखला लागतो. आणि रानात त्रास झाल्यास तत्काळ सांगा. तेथे रुग्णालय जवळ नसते, सोबतीच असतात.