शब्द ऐकू आले पाहिजेत : घरी बनवलेल्या स्पीकर बॉक्सबद्दल

आपल्या वस्त्यांमध्ये आवाजाची टंचाई कधीच नव्हती. १४ एप्रिलला डीजेची भिंत उभी राहते, छाती हलते, काचा थरथरतात. पण मिरवणूक संपल्यावर कुणालाही विचारा, त्या भिंतीतून वाजलेल्या भीमगीताचं दुसरं कडवं काय होतं? ठेका आठवतो, चाल आठवते, शब्द मात्र आठवत नाहीत, कारण ते ऐकूच आलेले नसतात. गेलं वर्षभर मी घराच्या गच्चीवर जुन्या धर्तीचे लाउडस्पीकर बॉक्स बनवतो आहे. हा उद्योग कशासाठी, असं चळवळीतले मित्र विचारतात. त्याचं उत्तर आधी त्या हरवलेल्या कडव्यात आहे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. डीजेवर लिहायचं म्हटलं की काही लोकांना फक्त जयंतीचाच डीजे ऐकू येतो. वर्षभरातल्या बाकीच्या उत्सवांत त्यांचे कान मिटलेले असतात. मी त्यांच्या पंगतीत बसत नाही. ज्या रस्त्यावरून आपल्या माणसांना वाजतगाजत जाऊ दिलं जात नव्हतं, त्या रस्त्यावर मोठ्याने वाजवण्याला अर्थ आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. शाहिरी ही शब्दांची कला आहे. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जे पोहोचवलं, तो विचार होता. माणसाचं बोलणं समजायला साधारण ३०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज स्वच्छ लागतो. डीजेचे मोठे बॉक्स बनवलेले असतात त्याच्या खूप खालच्या, ५०-६० हर्ट्झच्या धडाक्यासाठी. त्या धडाक्याखाली शब्द गाडला जातो.

घरातली परिस्थितीही फार वेगळी नव्हती. वडिलांनी जमवलेल्या भीमगीतांच्या कॅसेट मी डिजिटल करून ठेवल्या. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, मागे कोरस, ढोलकी. मोबाइलवर ऐकलं तर आवाज पातळ, बाजारातल्या ब्लूटूथ डब्यावर ऐकलं तर नुसती घुमघुम. मग जुन्या विलायती स्पीकरच्या दुकानात गेलो. तिथल्या मालकाने किंमत सांगण्याआधी मला माझी पायरी दाखवली. हे ऐकायला म्हणे 'कान तयार व्हावे लागतात'. काय मोजायचं, कसं मोजायचं, हे विचारलं की उत्तर नाही. फक्त परंपरा, घराणं आणि अनुभूती. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. ज्ञान काही मोजक्यांनाच कळतं आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा, हा कारभार आपण पिढ्यानपिढ्या पाहिला आहे.

म्हणून मी वाचायला बसलो, आणि सगळ्यात उपयोगी निघाली ती बीबीसी. बीबीसी आपली कुणी सोयरी नाही, पण तिथल्या संशोधन विभागाने १९६० आणि ७० च्या दशकांत लाउडस्पीकरवर जे काम केलं, ते अहवाल म्हणून छापून ठेवलं. कुणीही वाचावं, कुणीही तपासावं. त्यांची एक कसोटी मला फार पटली. जवळच्या स्टुडिओत माणूस प्रत्यक्ष बोलतो आहे, त्याचाच आवाज इकडे स्पीकरमधून येतो आहे. दोन्ही ताडून पाहायचे. माणसाचा बोलता आवाज आपण जन्मापासून ऐकतो, त्यामुळे त्यातली खोट कुणाच्याही कानाला कळते. त्यासाठी कान 'तयार' असावे लागत नाहीत.

आता बॉक्सचं शास्त्र. आपल्याकडे समज असा की बॉक्स जितका जाड आणि जड, तितका चांगला. बीबीसीच्या हारवूड आणि मॅथ्यूज यांचा १९७७ चा अहवाल वेगळं सांगतो. बॉक्सची भिंत थरथरणारच. जाड आणि ताठ भिंत केली की तिची थरथर वरच्या सुरात सरकते, म्हणजे नेमकी माणसाचा आवाज जिथे राहतो तिथे, आणि कान ती लगेच पकडतो. त्यापेक्षा भिंत पातळ प्लायवूडची ठेवा आणि आतून डांबरी थर लावून तिची थरथर जिरवा. पुढची आणि मागची फळी गोंदाने पक्की न करता स्क्रूने बसवण्याचीही त्यांची पद्धत होती. एवढं साधं. बॉक्सने स्वतः बोलू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे.

माप कुठून आलं, तेही सांगतो, कारण यात कुणी जादू समजू नये. लॅमिंग्टन रोडवरून आठ इंची कागदी कोनचा व्हूफर आणि एक इंची कापडी घुमटाचा ट्विटर आणला. व्हूफरसोबतच्या कागदावर तीन आकडे होते : नैसर्गिक कंपन ३८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४२, आणि व्हीएएस ५० लिटर. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढे ७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी या आकड्यांवरून बॉक्सचा आकार काढायचं गणित मांडलं. हवाबंद बॉक्ससाठी ते दहावीच्या मुलालाही जमेल. ०.७०७ भागिले ०.४२, त्याचा वर्ग, त्यातून एक वजा. येईल त्याने ५० ला भागा. उत्तर साधारण २७ लिटर. बॉक्स याहून बराच लहान केला तर खालच्या सुरात फुगवटा येतो आणि प्रत्येक गायक पिंपात तोंड घालून गातो आहे असं वाटतं. बाजारातले बहुतेक डबे तसेच असतात, कारण तो फुगवटा दुकानात दोन मिनिटं ऐकायला छान वाटतो.

आतलं माप ४६ बाय २६ बाय २४ सेंटिमीटर घेतलं. ते २८ लिटरच्या थोडं वर जातं. आतल्या पट्ट्या, चुंबक आणि क्रॉसओव्हर यांची जागा वजा केली की हिशेब बरोबर. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, ७१० चा शिक्का बघून. बीबीसीवाले बर्च प्लाय वापरत; आपल्याकडे तो महाग पडतो. एका आठ बाय चारच्या शीटमध्ये दोन्ही बॉक्स निघून वर पुस्तकांच्या फळ्याही होतात.

करवत, रंधा, पटाशी, गुण्या हे सगळं मी गल्लीतल्या सुतारकाकांकडून शिकलो. थील-स्मॉलचं नावही न ऐकलेला हा माणूस फळीवर बोट फिरवून सांगतो की एक बाजू अर्ध्या मिलिमीटरने खाली आहे, आणि कॅलिपर लावला तर तेवढीच निघते. काही मित्र म्हणाले, लिहिता-वाचता माणूस सुतारकी कशाला करतो? या प्रश्नात एक जुनी खोड लपलेली आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातीचे निर्मूलन'मध्ये दाखवून दिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. गावगाड्यात रंधा सुताराच्या घरात राहायचा आणि माझ्या आजोबांच्या वाट्याला काय यायचं, ते जन्माआधीच ठरलेलं होतं. डोकं एकाचं, हात दुसऱ्याचे, आणि हातांमध्येही पुन्हा उतरंड. ज्याला गणित येतं त्याने रंधा धरू नये आणि ज्याच्या हातात रंधा आहे त्याला गणित विचारू नये, हे आपण का मानायचं? काकांना मी ते सूत्र समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "मग कपाटाचं दार वाजतं ते पण ह्याच्यातच बसतं का?" बसतं. डांबरी शीटचा एक तुकडा त्यांनी तेव्हाच मागून घेतला.

ही शीट गाडीच्या दरवाज्यांना आतून लावतात तीच. लावण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. लावल्यानंतर नुसतं 'ठप्प'. आत भरायला जुन्या उशांमधलं पॉलिएस्टर, सैलसर. मागच्या फळीच्या कडेला फोमची पट्टी, म्हणजे हवा निसटत नाही. क्रॉसओव्हर तीन हजार हर्ट्झच्या आसपास.

जुन्या वळणाचा खरा थाट दिसतो तो बाहेरून. सागाचं अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनियर घेतलं. व्हिनियर आणि प्लाय दोन्हींना फेविकॉल लावून वाळू द्यायचा आणि मग वरून इस्त्री फिरवायची. गोंद पुन्हा मऊ होऊन घट्ट धरतो. आतूनही स्वस्तातलं व्हिनियर लावा, नाहीतर एका बाजूचा ताण फळीला बाक आणतो. रेषा एका बाजूने चढून माथ्यावरून दुसरीकडे उतरतील अशा जुळवल्या. त्यात माझा एक आख्खा रविवार गेला आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

पॉलिश चपड्याचं. एक लिटर स्पिरिटला पाव किलो चपडा रात्रभर भिजवायचा, गाळायचा, कापसाचा गोळा मलमलीत गुंडाळून पातळ हात मारायचे, आठ ते दहा. मध्ये ३२० चा पॉलिश पेपर अगदी हलका. जवळपास विस्तव नको. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं. हा चपडा येतो लाखेच्या किड्यापासून. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर ती लाख वाढते, आणि देशात सर्वात जास्त लाख झारखंडात, मुख्यतः आदिवासींच्या हातून गोळा होते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्याही याच लाखेच्या असत. 'व्हिंटेज' म्हणून जगभर मिरवल्या जाणाऱ्या त्या सोनेरी काळाचा कच्चा माल आपल्या जंगलांमधून गेला आणि तो गोळा करणाऱ्याचं नाव एकाही तबकडीवर छापलं गेलं नाही. जुन्याचं कौतुक करायला माझी हरकत नाही. कुणाचं जुनं, एवढं मात्र विचारत जाऊ.

पुढच्या जाळीला कापड हवं ते सैल विणीचं. तोंडाजवळ धरून फुंकर मारायची. पलीकडच्या हाताला लागली तर चालतं. रंग निळा घेतला, हे सांगायला नको.

मग चाचणी. बीबीसीकडे इंग्रजी निवेदक होता. मला मराठी कसोटी हवी होती, आणि ती आपल्या म्हणीतच सापडली : जी जात नाही ती जात. हे वाक्य हळू म्हणून पाहा. पहिल्या 'जात'मधला ज दंत्य आहे, जीभ दातांजवळ जाते, दुसऱ्यातला तालव्य. लिहिताना दोन्ही सारखे, बोलताना वेगळे. दंत्य ज-ची सळसळ वरच्या सुरात, ट्विटरच्या हद्दीत जास्त असते. तालव्य ज-ची त्याच्या खाली, व्हूफर आणि ट्विटर हात मिळवतात तिथे. ज्या स्पीकरला हा फरक दाखवता येत नाही, त्याच्यासाठी दोन्ही जाती सारख्याच. माझ्या मुलीच्या आवाजात हे वाक्य रेकॉर्ड केलं, तिला बॉक्सशेजारी उभं करून पुन्हा म्हणायला लावलं, आणि ट्विटरकडचा रेझिस्टर तीनदा बदलल्यावर दोन्ही आवाज जवळपास एक झाले.

त्यानंतर बाबासाहेबांची १९५५ ची बीबीसी मुलाखत लावली. मोबाइलवर ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. रेकॉर्डिंग जुनंच आहे, खरखर तशीच राहते. बॉक्स काही चमत्कार करत नाही. पण प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला थांबा, एखाद्या शब्दावर दिलेला जोर, वाक्य संपताना उतरणारा श्वास, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. माझी आई शेजारच्या खोलीतून आली आणि दारातच उभी राहिली. तिला इंग्रजी येत नाही. मुलाखत संपेपर्यंत ती उभीच होती.

दुसरी जोडी वस्तीतल्या वाचनालयासाठी चालू आहे. दर रविवारी तिथे वामनदादांची गाणी लावायची आणि मुलांनी कडवी वहीत उतरवून घ्यायची, असं ठरलं आहे. तीन पोरं करवत चालवायला येतात, त्यातल्या एकीचा रंधा माझ्यापेक्षा सरळ चालतो. व्हिनियर चढलं आहे, पॉलिशचे चार हात बाकी आहेत. ज्यांना मापं हवी असतील त्यांनी कळवावं, पण माझ्या मापाने प्लाय कापू नका. आधी तुमच्या व्हूफरचा कागद वाचा आणि तुमचं गणित तुम्ही करा.

जय भीम.