गोडी छाटणी, आंबट घोट!
आमच्या दासगावात, सावित्रीच्या काठी, पाऊस असा कोसळतो की द्राक्षाचं नावच नको! त्यामुळे फेसाळ वाइन चाखायची तर सह्याद्री ओलांडून नाशिकजवळची दिंडोरी गाठायची. फ्रेंच 'शाँदों'सुद्धा 2013 साली इथेच आली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ पिकतं थंडीत. पण नाव गोडी असलं, तरी स्पार्कलिंगला हवा आंबटपणा. म्हणून तोडणी लवकर. खायच्या द्राक्षांत गोडीलाच भाव, त्यामुळे बागायतदाराला ही सवय नवीच. दुसऱ्यांदा वाइन आंबते ती बाटलीतच. कोंडलेला वायू म्हणजेच बुडबुडे. पहिल्या घोटाला मला तर कैरीच आठवली! जानेवारी-फेब्रुवारीत जा, तोडणीही दिसेल. फक्त गाडी न पिणाऱ्या मित्राकडे द्या.