मांजरपाटाची पिशवी

दारव्ह्याच्या बाजारपेठेत तीन पिढ्या कापडाचा व्यवसाय करणाऱ्या एका घराच्या कपाटात अॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा मांजरपाटाच्या पिशवीत ठेवलेला आहे. विकत घेतला तेव्हा तो चामड्याच्या आवरणात आला होता. आजोबांनी ते आवरण त्याच दिवशी विक्रेत्याला परत केले आणि दुकानातील उरलेल्या तुकड्याची पिशवी शिवून घेतली. चामडे घरात येणार नाही, हा त्यांचा नियम. पायांत रबरी चप्पल, कमरेला सुती पट्टा. दुकानात सूत विकावे, रेशीम विकू नये, हाही नियम त्यांचाच. एका साडीसाठी किती किडे उकळत्या पाण्यात जातात, हे ते गिऱ्हाइकालाही शांतपणे समजावून सांगत.

हा कॅमेरा जर्मन अॅग्फाचा, पण बनला बडोद्याला, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. साठ-सत्तरच्या दशकांत भारतातील असंख्य घरांचा तो पहिला कॅमेरा होता. त्यात १२० क्रमांकाचा रोल बसतो आणि त्यावर सहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे बारा फोटो निघतात. शटरला वेग एकच. अंतर जुळवण्याची सोय नाही. समोरच्याने दहा-बारा पावलांवर उभे राहावे, फार जवळ आला तर चेहरा धूसर होतो. ऊन आणि ढग यांच्या खुणांपैकी एक निवडायची, बाकी सारे सूर्यावर सोडायचे. फोटोचा मधला भाग स्वच्छ येतो आणि कडा विरघळल्यासारख्या दिसतात. आज मोबाइलमध्ये मुद्दाम वेगळे अॅप घालून लोक तो परिणाम आणतात. क्लिक थ्रीला तो भिंग साधे असल्यामुळे फुकटच मिळतो.

फोटो काढल्यावर रोल हाताने फिरवावा लागतो आणि मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत थांबावे लागते. फिरवायचे राहिले तर एकावर एक दोन फोटो उमटतात. घरच्या आल्बममध्ये असा एक आहे. शकुंतला एक्स्प्रेस दारव्हा मोतीबाग स्थानकात उभी आहे आणि तिच्या इंजिनातून दुकानाची पाटी डोकावते आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ही छोटी गाडी १९९४पर्यंत वाफेवर चालत होती. तिचे फोटो अनेकांनी काढले असतील, पण पाटीसकट इंजिन बहुधा याच घरात असेल. आजोबांनी प्रत्येक रोलची नोंद खतावणीसारखी ठेवली होती. क्रमांक, तिथी, स्थळ, उपस्थित मंडळी. पालिताण्याच्या यात्रेला त्यांनी एकच रोल नेला होता. शत्रुंजयाचा पायथा, डोली, मंदिरांची शिखरे, असे करत नवव्या क्रमांकावर आजी आहे आणि शेवटच्या तीन जागांपुढे फक्त रेघ आहे. ते तीन फोटो परतल्यावर दुकानासमोर काढले गेले. उरलेला माल वाया कसा घालवायचा!

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दुकानाचा जीएसटीचा हिशेब सांभाळणाऱ्या नातीने दोन वर्षांपूर्वी ही पिशवी उघडली. आजोबा त्यापूर्वीच गेले होते. १२० क्रमांकाची फिल्म आजही इंग्लंड, अमेरिका आणि चेक प्रजासत्ताकात तयार होते. आपल्याकडे उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये ‘इंदू’ नावाने निघणारी फिल्म इतिहासजमा झाली. तिने मुंबईहून कुरिअरने पाच रोल मागवले. एका रोलच्या किमतीत दुकानात एक साधी सुती साडी येते. वडिलांनी बिल पाहून बाराने भागाकार केला आणि आकडा मोठ्याने उच्चारला. पण मुलगी एक फोटो काढण्यापूर्वी दहा मिनिटे विचार करते, हे पाहून त्यांना मनातून बरेही वाटले असावे.

गावात फिल्म धुऊन देण्याचे काम केव्हाच बंद झाले होते. तिने रसायने मागवली, कापडाच्या गठ्ठ्यांच्या कोठारात रात्री दिवा मालवून रोल डब्यात भरायला ती शिकली. विदर्भातील अडचण मात्र पुस्तकांतून पुरेशी कळत नाही. डेव्हलपर वीस अंश तापमानाचा असावा, असे डबीवर लिहिलेले असते. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते. मग परातीत बर्फ ठेवायचा, त्यात रसायनाच्या बाटल्या उभ्या करायच्या आणि पहाटे चारला काम उरकायचे. धुण्याचे पाणी गाळून घेतलेले. वाहत्या नळाखाली फिल्म धरण्याऐवजी तीनदा पाणी बदलायचे आणि डबा अनुक्रमे पाच, दहा आणि वीस वेळा उलटासुलटा करायचा, ही इलफर्ड कंपनीची रीत दादींना पसंत पडली. यवतमाळ जिल्ह्यात पाण्याचा हंडा मोजून वापरणाऱ्या कोणालाही ती पसंत पडेल.

तिसऱ्या रोलच्या वेळी बर्फ संपला आणि शेवटचे पाणी टाकीतले निघाले. वाळल्यावर पाहिले तर निगेटिव्हवर सुरकुत्यांचे बारीक जाळे उमटले होते, सायीवर फुंकर मारल्यावर पडावे तसे. थंडाव्यातून एकदम उष्ण पाण्यात गेले की फिल्मवरचा थर फुगतो आणि आकसतो, असे उत्तर मिळाले. थर कशाचा, हा पुढचा प्रश्न साहजिक होता. थर जिलेटिनचा.

हा शब्द जैन घरात समजावून सांगावा लागत नाही. औषधाच्या कॅप्सूलवर, चॉकलेटच्या वेष्टनावर, परदेशातून आलेल्या गोळ्यांच्या डबीवर तो शोधण्याची सवय मुलांनाही असते. जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून जिलेटिन निघते. १८७१मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने चांदीचे प्रकाशसंवेदी क्षार जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर पसरले आणि छायाचित्रण सोपे झाले. तेव्हापासून फिल्म आणि फोटोचा कागद या दोहोंची जडणघडण तीच आहे. कोडॅक कंपनी तर जिलेटिनसाठी स्वतःचा वेगळा कारखाना बाळगून होती. १९२५च्या सुमारास तिथल्या सॅम्युएल शेपर्ड या शास्त्रज्ञाने एक कोडे सोडवले. काही जिलेटिनची फिल्म चपळ आणि काहींची मंद का होते? कारण त्या त्या जनावराच्या चाऱ्यात होते. मोहरीच्या कुळातील वनस्पती खाल्लेल्या जनावराच्या जिलेटिनमध्ये गंधकाचा सूक्ष्म अंश उतरतो आणि फिल्म अधिक संवेदनशील होते. फोटोतील प्रकाशाचा संबंध एका गायीच्या शेवटच्या चाऱ्याशी इतका थेट असावा, हे वाचून त्या रात्री नातीला झोप लागली नाही.

याच फिल्मची खालची पारदर्शक पट्टी सेल्युलोजपासून बनते, आणि सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंतून मिळते. म्हणजे पट्टी कापसाच्या कुळातली, वरचा थर हाडांचा. मॅडॉक्सच्या आधी, १८५१पासून, काचेवर जो कोलोडियनचा थर देत तोही कापसापासूनच बनत असे. पण त्या काळातील फोटोचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असायचा. जुने ते निर्मळ, असे मानण्याची हल्ली हौस आहे; या बाबतीत तिला आधार नाही.

आता प्रश्न केवळ छंदाचा उरला नव्हता. दादींचे वर्षीतप चालू होते. एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे, असे तेरा महिने. पारणे अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने होणार होते. आजोबांच्या कॅमेऱ्याने पारण्याचे बारा फोटो काढायचे, हा बेत नातीने तप सुरू झाले त्याच दिवशी ठरवला होता. त्यासाठी राखलेले दोन रोल स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी होते. खाण्याची वस्तू नसल्याने डबीवर हिरवा ठिपका नव्हता आणि तपकिरीही नव्हता. न सांगता फोटो काढले असते तर कोणाला कळले नसते. तिने पारण्याच्या पंधरा दिवस आधी दादींना सर्व सांगितले.

दादींनी ऐकून घेतले आणि विचारले, “हे ते कॅप्सूलवालंच का?”

“हो, दादी. तेच.”

“मग आपला सगळा आल्बम?”

या प्रश्नाला नातीकडे उत्तर नव्हते. लग्नाचे फोटो, पालिताण्याचे, चातुर्मासातील प्रवचनांचे, देवघरालगत फ्रेम करून लावलेले गुरुमहाराजांचे, सर्व त्याच थरावर. ज्या माणसाने चामड्याचे आवरण पहिल्या दिवशी परत केले, त्याने आयुष्यभर त्याच पिशवीत हे वागवले होते. दादी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याला आता ठाऊक आहे. एवढाच फरक, पण तो आहे ना.” रोल स्वयंपाकघरातून त्याच दिवशी हलले. पारण्याच्या दिवशी फिल्म नको, एवढेच त्यांनी सांगितले. बाकीच्या दिवसांविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

वडिलांना हे टोकाचे वाटले. संकल्पी हिंसा वेगळी आणि व्यवहारात अपरिहार्यपणे घडणारी उद्योगी हिंसा वेगळी, हा भेद श्रावकाला शास्त्रानेच दिला आहे, असे त्यांचे म्हणणे. हाडे काही फोटोसाठी गोळा होत नाहीत, जनावर मारले जाते ते दुसऱ्याच कारणाने. युक्तिवाद बिनबुडाचा नव्हता. पण वडिलांनी लग्नसराईसाठी दुकानात पैठण्यांचे एक कपाट सुरू केले होते, आजोबांच्या पश्चात आणि दादींच्या मनाविरुद्ध. नातीने फक्त विचारले, “पप्पा, रेशमालाही हेच लागू करायचं का?” त्या जेवणात पुढे कोणी काही बोलले नाही. पैठण्यांचे कपाट आजही दुकानात आहे. लग्नसराईत त्यावर दोन माणसांचा पगार निघतो, ही गोष्टही खोटी नाही.

पारण्याचे फोटो मोबाइलवर निघाले. चांगले आले. उसाचा रस घेताना दादींची हनुवटी जराशी थरथरते, ते चित्रफितीत दिसते. क्लिक थ्रीच्या संथ शटरवर तिथे नुसता धुरकट डाग उमटला असता.

पण नातीचे हात आता प्रकाशाला सोकावले होते. शोधता शोधता तिला सायनोटाइप सापडला. १८४२मध्ये सर जॉन हर्शेल यांनी शोधलेली ही रीत आहे. अभियंत्यांचे निळे नकाशे पूर्वी याच रीतीने निघत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन द्रावणे मिसळायची, मंद उजेडात कागदावर किंवा कापडावर फासायची, वाळू द्यायची, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे आणि नंतर साध्या पाण्यात धुवायचे. जिथे ऊन पोचले तिथे गडद निळा रंग राहतो. चांदी नाही, जिलेटिन नाही. या निळ्याचाही इतिहास तपासला तर तीनशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये तो प्रथम निघाला त्यात जनावराच्या रक्ताचा अंश होता, आणि त्याचे क्षार पुढे दीर्घकाळ शिंगे नि खूर जाळून बनवत. आता ते रासायनिक कारखान्यात त्यांच्याशिवाय बनतात. ही माहितीही नातीने दादींपासून लपवली नाही. दादी हसल्या. “फार खोल खणलंस तर विहिरीत जीव निघणारच, बेटा,” असे त्या म्हणाल्या, आणि करायला परवानगी दिली.

चित्रकलेच्या चांगल्या कागदांना अनेकदा जिलेटिनचीच खळ असते, म्हणून तिने दुकानातील मांजरपाट घेतला. दोनदा उकळून त्याची खळ काढली. निगेटिव्ह आजोबांचे, पूर्वीच बनलेले. त्यासाठी आता नवे काही घडायचे नव्हते. विदर्भाच्या मे महिन्यातील ऊन, ज्याने तिचा तिसरा रोल बिघडवला होता, ते इथे उपयोगी पडले. ढगाळ दिवशी जे तासावर जाईल, ते काही मिनिटांत होऊ लागले. निगेटिव्हएवढाच छाप पडतो, जेमतेम सव्वादोन इंचांचा. पालिताण्याच्या रोलमधील नववा क्रमांक तिने सात वेळा काढला. सातव्यात पायऱ्यांवर बसलेल्या दादींच्या पदराची किनार नीट उतरली. तो तुकडा त्यांनी सामायिकाच्या कटासण्याच्या घडीत ठेवला आहे.

दोन रोल राहिले. फेकून द्यावेत तर माल वाया जातो आणि ज्या जनावराचे ते होते त्याला त्याचा काही लाभ नाही. वापरावेत तर मन घेत नाही. वडिलांनी व्यवहारी तोडगा सुचवला. नागपूरला फिल्मचे हौशी आहेत, खरेदीच्या भावात सहज जातील. दादी तेव्हा प्रतिक्रमणाची तयारी करत होत्या. पंधरा कर्मादानांत श्रावकाला निषिद्ध व्यापार सांगितले आहेत आणि त्यांत दंतवाणिज्य आहे. हस्तिदंत, हाडे, कातडी या साऱ्यांचा व्यापार त्यात येतो. “विकले तर तो व्यापार झाला,” त्या म्हणाल्या. मग फुकट द्यावेत का? दिल्याने अनुमोदना होते का? वडील म्हणाले, नाही. दादी म्हणाल्या, महाराजसाहेब चातुर्मासाला आले की विचारू.

तूर्त दोन्ही डब्या दुकानातील गल्ल्याखालच्या खणात, जुन्या पावतीपुस्तकांशेजारी आहेत. डबीवर छापलेली मुदत पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये संपते.