गळ्यात माळ, लिव्हरला सूज

2 जून
आज अभ्यासासाठी एक माळकरी काका आले. वय 52, अंगकाठी काटकुळी. उजवा हात डोक्याखाली घेऊन टेबलावर पडले. बरगड्यांच्या फटीत फायब्रोस्कॅनचा प्रोब टेकवला. टक्, टक्, दहा वेळा. दर टिचकीला डोळे मिटायचे. आकडा आला 11.2 किलोपास्कल. लिव्हर कडक झालंय म्हटल्यावर सोबत आलेल्या काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच वरमले. "मॅडम, माळ आहे गळ्यात. थेंबाला शिवलो नाही कधी."

4 जून
चूक नावाचीच. 1980 मध्ये मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांना दारू न पिणाऱ्यांच्या यकृतात दारुड्यांसारखीच सूज दिसली. नाव दिलं 'नॉन-अल्कोहोलिक'. जी प्यायलीच नाही, ती नावात! 2023 मध्ये ते बदलून चयापचयाशी जोडलं. पण दवाखान्याबाहेर 'फॅटी लिव्हर'च चालतं, आणि काका तर फॅटीही नाहीत.

8 जून
काकांनी आपणहून तूप सोडलंय. साखरेचा चहा मात्र सहा वेळा, एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि दुप्पट खाशी. 2005 चा एक अमेरिकन अभ्यास त्यांना कसा सांगू? अशा रुग्णांच्या यकृतातली 59 टक्के चरबी रक्तातल्या मेदाम्लांची, 26 टक्के यकृताने स्वतः पिठासाखरेपासून घडवलेली. थेट जेवणातली जेमतेम 15. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, मग कातडीखालची चरबी जागेवर राहत नाही, रक्तात उतरते आणि यकृतात मुक्काम करते. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा ब्रिटिश डॉक्टर यूडकिनांसोबतचा 2004 चा फोटो भिंतीवर लावलाय: दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र यूडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. काका बराच वेळ त्यापुढे उभे होते.

13 जून
रात्री वीज गेली. उणे 80 चा फ्रीझर सकाळी उणे 12 वर. अभ्यासाच्या चाळीस कुप्या सीरम वाया. अलार्म मीच बंद केला होता, कटकट नको म्हणून. कुणावर ओरडणार?

17 जून
काका आले. "वारीला जाऊ ना?" जा म्हटलं, चालणं हेच औषध, फक्त वाटेतला चहा बिनसाखरेचा.
दारापर्यंत जाऊन परत फिरले. "एका कागदावर लिहून द्या, हे दारूचं नाही म्हणून."
"काकूंसाठी?"
"तिला पटलंय. दिंडीत दाखवायला."
लेटरहेडवर लिहिलं, सही केली. त्यांनी शिक्काही मारून घेतला. शाई वाळेस्तोवर फुंकर घातली आणि कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.