माझ्यामुळेच गेलं

जव्हार-मोखाड्यात दिवाळी सरली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात. शाळा अर्धवट सुटते आणि ‘आपल्याला नाय जमायचं’ असा निकाल पोरं स्वतःच लावून टाकतात. माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दलची त्याची धारणा जास्त छळते, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस म्हणे. कि. मो. फडक्यांनी त्याची उपचारपद्धती मराठीत आणली. पटतं, तरी इथे अडखळते. १९९२-९३ मध्ये जव्हारमधल्याच वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली. तिथल्या आईला धारणा तपासायला सांगायचं कोणत्या तोंडाने? भूक काही धारणा नव्हे. पण ‘माझ्यामुळेच गेलं’ ही धारणाच, आणि ती पोट भरल्यावरही हलत नाही. भगतापुढे ती आई निदान बोलत तरी असेल. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा साधा पाच आकडी १४४१६ लावायचा, तरी आधी रेंज हवी, आणि कुणी ऐकणार नाही असा कोपरा.