न्हाऊ घालणे



'आईने बाळाला न्हाऊ घातले' हे वाक्य तुम्ही कितीतरी वेळा ऐकले असेल. आता 'मी स्वतःला न्हाऊ घातले' असे म्हणून पाहा. व्याकरणाचा कोणताही नियम दाखवून हे वाक्य अशुद्ध ठरवता येणार नाही, तरीही ते मराठी माणसाच्या तोंडी येत नाही. जेऊ घालणे, खाऊ घालणे, न्हाऊ घालणे आणि त्याच्या जोडीने येणारे माखू घालणे. या रचनेत करणारा एक असतो आणि जेवणारा किंवा न्हाणारा दुसरा. प्रयोजक क्रियापदे अभ्यासताना तुम्ही 'हसणे-हसवणे', 'फसणे-फसवणे' अशा जोड्या पाहिल्या असतील. तेथे स्वतःला हसवण्याची, फसवण्याची मोकळीक भाषेने ठेवली आहे. 'घालणे'ने सिद्ध होणाऱ्या या मोजक्या क्रियापदांत ती नाही. घास आणि पाणी या दोन गोष्टी दुसऱ्याच्या हातून याव्यात, अशी जणू या भाषेची अपेक्षा आहे.

या क्रियापदाकडे माझे लक्ष गेले ते मात्र न्हाणीघरात. पन्नाशी उलटल्यावर हिवाळ्यात माझ्या हातापायांची त्वचा तडकू लागली, तेव्हा मुलीने बेंगळुरूहून एक खोका पाठवला. त्यात स्नानासाठी मीठ, ओटचे पीठ, मातीचा लेप आणि गुलाबपाण्याची बाटली होती. झाकणावर स्वतःला 'पॅम्पर' करण्याचा इंग्रजी सल्ला होता. भाषेच्या अभ्यासकाची खोड अशी की, बाटली उघडण्याआधी मी त्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागले. लाड, कोडकौतुक हे शब्द चांगले आहेत, पण ते दुसऱ्याचे आणि बहुधा लहानाचे करायचे असतात. तेच स्वतःचे केले की त्यांचे चोचले होतात, नखरे होतात. आणि करणारी बाई वयाने थोडी पुढे गेलेली असली तर थेर होतात. 'चैन' त्यातल्या त्यात जवळचा, पण त्याला उधळपट्टीचा वास येतो. खोक्यातले साहित्य महिनाभरात संपले. शब्द सापडला नाही. रविवार सकाळचा तो एक तास मात्र मी पुढेही सोडला नाही, आणि खोक्याची जागा घरातल्या डब्यांनी घेतली.

शनिवारी रात्री मी दोन चमचे मसूरडाळ दुधात भिजत घालते आणि सकाळी ती पाट्यावर जाडसर वाटते. (एवढीशी डाळ मिक्सरच्या भांड्यात नुसती कडेला चिकटून बसते.) त्यात चमचाभर साय आणि चिमूटभर आंबेहळद घातली की चेहऱ्याचा लेप झाला. अंगासाठी कोरडे उटणे वेगळे. काष्ठौषधींच्या दुकानातून वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद आणि परवडेल तेवढे चंदन आणायचे, घरी वाळवलेल्या संत्र्याच्या साली त्यात मिळवायच्या, सगळे कुटून वस्त्रगाळ करायचे. कोकणात ते नारळाच्या दुधात कालवतात. देशावरच्या घरात मी वाढले, तेथे तेल किंवा साय असे. केसांसाठी शिकेकाई, रिठा आणि आवळा रात्रभर लोखंडी कढईत भिजवून सकाळी मंद आचेवर उकळायचे आणि गाळून घ्यायचे.

या साऱ्याला एक क्रम आहे आणि त्या क्रमामागे कारण आहे. आधी कोमट तिळाचे तेल, मग अर्धा तास थांबणे, मग उटणे, शेवटी ऊन पाणी. तेलाने त्वचा मऊ होते. उटण्यातले पीठ जास्तीचे तेल शोषून घेते आणि त्याबरोबर मळही सुटतो. साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, त्यामुळे साबण मळाबरोबर त्वचेचा स्वतःचा स्निग्धपणाही घेऊन जातो. कोरड्या त्वचेला हा फरक आठवड्याभरात कळतो. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'च्या दिनचर्या अध्यायात अभ्यंग रोज करावा असे सांगून मस्तक, कान आणि पावले यांकडे विशेष लक्ष द्यायला सुचवले आहे. तळपायाला सावकाश तेल जिरवताना मला त्याचे म्हणणे पटते. आपण दिवसभर ज्यांच्यावर उभे राहतो, त्यांच्याकडे एरवी नखे कापण्यापुरतेच पाहतो.

आता थोडे शब्दांकडे. 'अभ्यंग' हा 'अञ्ज्' म्हणजे माखणे या धातूचा शब्द. डोळ्यांतले अंजन त्याच धातूचे, ताटातले व्यंजन त्याच धातूचे, आणि वर्णमालेतले व्यंजनही. 'उद्वर्तन'चे प्राकृतात 'उव्वट्टण' झाले, त्यातून आपले उटणे आणि हिंदीतले उबटन आले. 'स्नान'चे 'ण्हाण' आणि मग 'न्हाण' झाले. 'म्रक्षण'पासून माखणे आले आणि हिंदीतले माखनही. शिकेकाईतले 'काई' द्राविडी आहे; कन्नड-तमिळमध्ये 'काय' म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग. रिठ्याच्या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'सॅपिंडस' म्हटले, म्हणजे लॅटिनमध्ये 'हिंदी साबण'. माझ्या आजीच्या बोलीत न्हाणे आणि आंघोळ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आंघोळ रोजची, अंगावरून. न्हाणे डोक्यावरून, ठरलेल्या वारी, शिकेकाईने. 'आज माझे न्हाणे आहे' असे ती म्हणाली की स्वयंपाक उशिरा होणार हे घराला कळे. आज 'केस धुणे' असे म्हणतो. त्यात पाणी आणि केस आहेत, पण तो राखून ठेवलेला वेळ नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र समजू नका. हा समज अलीकडे फार फोफावला आहे. लिंबाचा रस त्वचेला लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा चेहऱ्यावर चोळू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर भयंकर झोंबते. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. आणि तेलाच्या पायांनी फरशीवर उभे राहू नये. बसायला ठेंगणे स्टूल आणि खाली रबरी चटई असावी.

'शॅम्पू' या शब्दाची कथा येथे सांगितलीच पाहिजे. तो हिंदीतल्या 'चाँपो' या आज्ञार्थापासून इंग्रजीत गेला. 'चाँपो' म्हणजे दाबा, चेपा. सलूनमधली चंपी त्याच घरातली. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे बाष्पस्नान आणि मर्दन यांचे स्नानगृह चालवले, राजा चौथा जॉर्ज याची सेवा केली आणि १८२२ मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिले. तेव्हा शॅम्पू करणे म्हणजे अंग रगडणे. पुढे अर्थ सरकत सरकत केस धुण्यावर आला आणि शेवटी बाटलीतल्या द्रवावर. जो शब्द दुसऱ्याच्या हातांना उद्देशून उच्चारला जात असे, तो परत येताना हात तिकडेच ठेवून आला.

ते हात आपल्याकडे कोणाला आणि केव्हा मिळत? मराठी बाईपुरते बोलायचे तर तान्हेपणी टाळू भरताना, लग्नात हळद लागताना आणि बाळंतपणात, तेल-शेक-धुरीच्या सव्वा महिन्यात. दिवाळीची पहिली आंघोळ असते खरी, पण त्या पहाटे तीच सर्वांत आधी उठून पाणी तापवते आणि घरातल्या प्रत्येकाच्या पाठीला उटणे लावते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेला 'मानसोल्लास' तुम्हाला ओवीच्या इतिहासातून परिचित असेल. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथात राजाने घ्यावयाच्या वीस उपभोगांत स्नानाचा उपभोग सांगितला आहे. स्नान राजाचे आणि कांडण बायकांचे. राजाच्या तासाला शास्त्राने 'उपभोग' हा भारदस्त शब्द दिला. आपल्या तासासाठी भाषेजवळ 'थेर' आहे.

हे मी तुम्हाला का सांगते आहे, याचे कारण तुमच्याच एका संपर्कसत्रात मिळाले. एक विद्यार्थिनी म्हणाली, रात्री सगळे झोपल्यावर ती पुस्तक उघडते, आणि घरी तिच्या अभ्यासाला 'नवे चोचले' म्हणतात. तोच शब्द! वर्गातल्या बऱ्याच जणी हसल्या, कारण तो त्यांनीही ऐकला होता. एक कंडक्टर विद्यार्थी तेवढा हसला नाही. त्याला डेपोत याहून वाईट शब्द ऐकावा लागे.

गेल्या हिवाळ्यात आई दोन महिने माझ्याकडे राहायला आली. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. खांदे धरल्यामुळे तिचा हात मागे जात नाही. एका रविवारी मी तिला तेल लावून देते म्हणाले.

"हे काय थेर या वयात? लोक हसतील."

"न्हाणीघरात कोण लोक येणार आहेत, आई?"

बऱ्याच नकारांनंतर ती स्टुलावर बसली. मी कोमट तेल घेऊन तिच्या पाठीला लावू लागले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "असा भीत भीत हात नको लावूस गं. तुझ्या भावाच्या वेळेला ती बाई लावायची, तसा लाव. वरून खाली, दाबून." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "त्यानंतर पाठीला कुणाचा हात लागला नाही."

माझा भाऊ आता चोपन्न वर्षांचा आहे. यंदा पाऊस उशिरा आला असे सांगावे, इतक्या सहज ती हे बोलली. आम्हां चार भावंडांना, पाच नातवंडांना आणि अंथरुणाला खिळलेल्या तिच्या सासूबाईंना तीन वर्षे तिने न्हाऊ घातले. 'न्हाऊ घालणे' या क्रियापदाचे कर्तेपद तिने जन्मभर सांभाळले होते. मी उटणे लावायला घेतले तेव्हा तिने चिमूटभर नाकाशी धरले आणि सांगितले की वाळा जुना आहे, दुकानदाराने फसवले, आणि आंबेहळद निम्मी कर, नाहीतर पातळाला डाग पडतील.

पुढच्या रविवारी माझे आटोपत आले असताना दारावर टकटक झाली. दार किलकिले केले तर आई उभी. "तुझी पाठ राहिली असेल," ती म्हणाली. राहिलीच होती, एकटीने करताना ती दर वेळी राहते. मी उटण्याची वाटी तिच्या हातात दिली आणि स्टूल वळवून बसले.